जाऊबाईंचा फेरफार

महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या हाती पाने आणि पकड आली, की तो नटाला हात लावण्यापूर्वी वही आखून घेतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, संग्रामपूरच्या आमच्या घरामागील ज्या गोठ्यात आता गुरे उरलेली नाहीत त्या गोठ्यातून, पऱ्हाट्यांचा ढीग उपसून वडिलांची जावा मोटारसायकल मी बाहेर काढली, तेव्हा मीही तेच केले. शंभरपानी वहीच्या पहिल्या पानावर ‘फेरफार नोंदवही’ असे लिहून त्याखाली गाव नमुना सहाच्या धर्तीवर रकाने पाडले : अनुक्रमांक, मूळ वस्तू, बदललेली वस्तू, बदलाचे कारण, हरकत, हुकूम. सौभाग्यवतींनी वही चाळून, सातबारा तेवढा काढायचा राहिला, असा शेरा मारला.

गाडी १९६५ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. चेकोस्लोव्हाकियातील मूळ कंपनीच्या परवान्याने १९६१ पासून हा कारखाना अडीचशे सीसीच्या गाड्या काढू लागला, १९७३ पासून त्याच्या गाड्यांवर येझदी हे नाव आले, आणि १९९६ साली त्याला कुलूप लागले. वडील महसूल निरीक्षक होते. फिरतीसाठी त्यांनी ही गाडी १९६९ साली खामगावात जुनी म्हणून घेतली. नवऱ्याचा अर्धा पगार आणि सगळा रविवार खाणारी ही बाई खरे म्हणजे सवत. परंतु ‘जावा’ हे नाव कानी पडताच आईने तिला जाऊबाईंचे नाते बहाल केले आणि तेच घरात रूढ झाले. ‘जाऊबाईंची अंघोळ झाली का?’ हा प्रश्न आमच्याकडे दर रविवारी, किंचित खवचट स्वरात, विचारला जात असे.

या अंघोळीनेच तिचा घात केला होता, हे मला पुढे कळले. आमच्या तालुक्याचे दोन स्वभाव आहेत : उत्तरेला सोनाळा, टुनकीकडे सातपुड्याच्या पायथ्याची गोड्या पाण्याची जमीन, आणि दक्षिणेला पूर्णेच्या बाजूचा खारपाणपट्टा, जेथे विहिरीचे पाणी माणसाच्या मूत्रपिंडालाही मानवत नाही. वडिलांची बरीच वर्षे या दक्षिणेकडील गावांत गेली, आणि तेथल्या विहिरींच्या पाण्याने ते गाडी मनोभावे धूत. सिलिंडरच्या पात्यांच्या खाचांत, चाकांच्या आऱ्यांच्या मुळाशी आणि मडगार्डच्या आतल्या वळणात, काळ्या मातीच्या थराखाली, मला पांढुरकी खपली सापडली. नखाने उचलली तर तिच्याबरोबर लोखंडाचा पापुद्रा निघून येई. उलट, मागची साखळी मात्र तिच्या बंद पत्र्याच्या पेटीत जवळजवळ कोरी राहिली होती. ज्या चेक अभियंत्याने ती पेटी कल्पिली, त्याला वऱ्हाडातील धुळीची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही त्याचे उपकार मी वहीत नोंदवले.

यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना तिचा विक्षिप्तपणा उमगणार नाही. तिचा सिलिंडर एक, पण धुराडी दोन. तिची किल्ली म्हणजे दिव्याच्या डोक्यात खुपसायचा एक खिळा. आणि तिचा गिअरचा दांडा हाच तिची किक : डाव्या पायाशी असलेला तो दांडा आत दाबून मागे उभा केला की किक होतो आणि गाडी सुरू झाल्यावर पुढे पाडला की पुन्हा गिअर होतो. एकाच पदावर दोन अधिभार सांभाळणारा असा कर्मचारी मला शासकीय सेवेतही क्वचितच आढळला.

इंजिन जाम होते. गावात जुन्या गाड्यांचे एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या घरात, दृष्टी अधू, परंतु बोटांना अजून सर्व दिसते. त्यांनी प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘मेलं नाई साहेब, निजलं हाय. पंधरा दिस डिझल पाजा. घाई नोका करू.’’ पंधरा दिवस हा कालावधी मला विशेष पटला, कारण फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्याची मुदतही तेवढीच असते. त्या पंधरवड्यात मी टाकी साफ केली. पेट्रोलचा वासही उरू नये इतकी धुऊन, उन्हात वाळवून, धुण्याच्या सोड्याचे पाणी तिच्यात भरले, मधोमध कशालाही टेकणार नाही अशी लोखंडी सळई लोंबकळत सोडली आणि बॅटरीच्या चार्जरची धन बाजू सळईला, ऋण बाजू टाकीला जोडून सारा सरंजाम अंगणात मोकळ्या हवेत ठेवला. दोन दिवसांत सळईवर तांबूस चिखल साचला आणि टाकीचा तळ करड्या रंगाचा, निरोगी, बोटाला खरखरीत लागणारा असा झाला.

सोळाव्या दिवशी दांडा तसूभर हलला. सिलिंडर उतरला, पिस्टन दिसला, आणि येथे माझ्या हातून प्रमाद घडला. पिस्टनच्या पिनला धरून ठेवणारे तारेचे लॉक पकडीने काढताना उडाले आणि खाली क्रँकच्या उघड्या पोटात अदृश्य झाले. मिस्त्री काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तोंड उघडं असलं का बोळा कोंबा लागते साहेब. इंजिनचं असो का माणसाचं.’’ त्या दीड इंचाच्या तारेपायी, ज्याची मुळीच तजवीज नव्हती ते सारे इंजिन दुभंगावे लागले.

परंतु ते दुभंगले म्हणूनच एका जुन्या प्रकरणाचा निकाल लागला. १९८८ साली गाडी बंद पडली ती पांढऱ्या धुरामुळे. तत्पूर्वी दोन वर्षांत एका दूरच्या शहरातील कारागिराने वडिलांकडून तीनदा रिंगांचे पैसे घेतले होते, आणि धूर तिन्ही वेळा आठवडाभरात परतला होता. टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट अशी, की पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरात जाण्याआधी खाली क्रँकच्या कोठीत ओढले जाते. ती कोठी हवाबंद राहिली पाहिजे, आणि ती राखण्याचे काम दोन्ही बाजूंच्या रबरी सीलांचे. क्लचच्या बाजूचे सील आमच्या हाती आले ते वाळलेल्या बोरासारखे कडक, एका जागी चिरलेले. त्या चिरेतून गिअरपेटीतले तेल प्रत्येक फेऱ्याला आत ओढले जाऊन जळत होते. मी वडिलांची रोजनिशी काढून पाहिली. त्या दोन वर्षांत दर महिन्याला गिअर ऑइलची भर घातल्याची नोंद, तारीखवार, सुवाच्य अक्षरात होती. रिंगांचा दोष असता तर ते तेल कमी होण्याचे कारण नव्हते. पुरावा सगळा दप्तरात असून निष्कर्ष कोणी काढला नाही, असे प्रकरण मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. आपल्याच घरात ते पाहण्याचा प्रसंग वेगळा. मूळ सील काढून आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे घातले, पेट्रोलची नळीही तशीच बदलली. फेरफार क्रमांक ४ आणि ५, हरकत नाही, मंजूर.

खरा वाद क्रमांक ९ वर झाला. गाडीची वीज सहा व्होल्टची, आणि जावेचा दिवा गाडी मंदावली की निरांजनासारखा होतो ही तिची जुनी ख्याती. पुण्याहून मुलाने बारा व्होल्टचा संच बसवण्याची सूचना केली. डायनामो आणि पॉइंट काढून टाकायचे, त्यांच्या जागी सीलबंद इलेक्ट्रॉनिक डबा. मी अनुकूल होतो. मिस्त्रींनी रीतसर हरकत घेतली : ‘‘पॉइंट बिघडला त रस्त्यात घासून बसोता येते. तो डबा बिघडला त त्याले कोण उघडन? त्याच्यात पाहाले काई हायच नाई.’’ हरकतीची चौकशी करताना मला हिशेब मांडावा लागला. तेवढ्याच उजेडाला सहा व्होल्टवर बारापेक्षा दुप्पट प्रवाह लागतो. पस्तीस वॅटच्या दिव्याला जवळजवळ सहा अँपिअर. असा जड प्रवाह खारट पाण्याने खाल्लेल्या, हिरवट पडलेल्या सांध्यांतून जाऊ पाहील, तर निम्मा दाब वाटेतच जिरणार. म्हणजे आरोपी व्होल्ट नसून तारा. संपूर्ण वायरिंग जाड तारेचे नवे केले, चौकटीवरील अर्थचा सांधा पांढऱ्या धातूपर्यंत घासला, पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या तुकड्याने लावली. दिवा आता वरवट बकालच्या रस्त्यावरचा खड्डा वेळेवर दाखवण्याइतका लागतो. क्रमांक ९, हरकत मान्य, फेरफार नामंजूर.

राहिला प्रश्न कॅरिअरचा. वडिलांनी लाल रुमालातील दप्तराची बासने वाहण्यासाठी गावच्या लोहाराकडून, बैलगाडीच्या मोडक्या चाकाच्या धावेतून, एक भक्कम कॅरिअर करून ते चौकटीला चक्क जोडून घेतले होते. ते बेढब आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळू शकतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि चौकट, बांधणी वा इंजिन यांत मोठा फरक केलेला नसावा ही अट. शिवाय अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला न्यावी. रोजच्या कामाला वापरू नये. मुलाचे मत, कॅरिअर कापून टाकावे आणि मानाचा क्रमांक घ्यावा. मी करवत हातात घेऊन गोठ्यात बराच वेळ बसलो. कारखान्याच्या दृष्टीने ते कॅरिअर बेकायदा अतिक्रमण होते यात संशय नाही; परंतु गाडी आमच्याकडे आली त्या वर्षापासूनची त्याची वहिवाट होती, आणि त्याच्या डाव्या आकड्यावर दोरीच्या घर्षणाने पडलेली बोटभर खोल खाच म्हैसूरला कोणी केलेली नव्हती. करवत मी जागेवर ठेवली. साध्या नूतनीकरणाची दरखास्त घेऊन, गाडी टेम्पोत घालून, घाट चढून बुलढाण्याला गेलो, आणि प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत जाऊबाईंना शेताच्या बांधापलीकडे नेले नाही.

त्या सुरू झाल्या तो दिवस पोळ्याच्या आधीचा. दांडा आत दाबून उभा केला, चौथ्या लाथेला दोन्ही धुराड्यांतून निळसर धूर आला आणि तो जुना, किंचित कर्कश, एकसुरी आवाज गोठ्यात घुमला. मिस्त्रींनी कान इंजिनाकडे करून मिनिटभर ऐकले आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. पंच्याऐंशीची आई पदराने नाक धरून ओट्यावर आली, सगळे नीट पाहिले, आणि म्हणाली, ‘‘आता तिले घरात नोका आणू.’’

वहीत आज सव्वीस नोंदी आहेत. काढलेली प्रत्येक वस्तू क्रमांकाची चिठ्ठी बांधून डालड्याच्या दोन डब्यांत ठेवली आहे. एकच रकाना रिकामा आहे. ३५३ नमुन्याच्या जावेचे कार्ब्युरेटरवरील पत्र्याचे मूळ झाकण आमच्या गाडीवर नाही, आणि तूर्त तेथे मी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून लावला आहे. घाटावर वा घाटाखाली कोणाच्या माळ्यावर ते झाकण पडले असेल, तर त्यांनी अवश्य कळवावे. योग्य किंमत देऊ. मात्र पाठवण्यापूर्वी कृपा करून त्याला रंग लावू नये.