हात लहान की मूठ मोठी?

माझा हात किती लहान आहे, हे आमच्या होस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मेसच्या बरणीत तळाला गेलेलं लोणचं काढायचं असलं की हाक मलाच येते! (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याने माझं मराठीही जरा लहानच आहे. सांभाळून घ्या.)

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं मिळवलं, तेव्हा मी शाळेत होते. ते डोक्यात पक्कं बसलं. सेकंड इयरला मी रेंजवर एअर पिस्तूल शिकायला जायला लागले. घरी सांगितलं तर आई फोनवर गप्पच झाली. आमचं गाव सालेकसा. हाजरा फॉल आणि कचारगडची गुहा सोडली, तर माझ्या लहानपणी पेपरात गावाच्या नावाआधी ‘नक्षलग्रस्त’ हाच शब्द असायचा. बंदूक म्हणजे भीती, एवढंच आईला माहीत. “खेळ आहे गं,” म्हटलं, तर म्हणाली, “मग चांगला खेळ.”

आणि मला तर चांगलं खेळताच येईना! पिस्तूल साधारण किलोभराचं, तेही एका हातात धरायचं. १० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. माझे छर्रे मात्र एकसारखे डावीकडे. एक जण म्हणाला, “मुलींचे हात लहान. तू रायफल घे.” त्या रात्री रूमवर येऊन मी खूप रडले. व्हायवात नापास झाल्यावरही एवढी रडले नव्हते.

शेवटी सरांनी माझा हात नीट पाहिला. पिस्तुलाची मूठ मोठी असल्याने माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचतच नव्हतं. मग मी नकळत अख्खा पंजा फिरवून बोट पोचवत होते. त्यामुळे नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नव्हता, आणि ती कसर मी मनगट वाकवून भरून काढत होते. वर बोटाचं फक्त टोक ट्रिगरला लागायचं, म्हणून तो सरळ मागे न येता बाजूला ढकलला जायचा. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर हवा आणि बाकीचं बोट मुठीला चिकटता कामा नये. ट्रिगरला निदान ५०० ग्रॅमचा जोर लागतो. तो तिरका पडला की नेम गेलाच समजा.

दिवाळीत घरी गेले, तेव्हा धानाची कापणी चालू होती. आजीला सगळं सांगितलं. तिने हातातला विळा पुढे केला. “हात लहान नाही बाई, मूठ मोठी आहे. विळ्याची मूठ आपण आपल्या हाताजोगी करून घेतो ना?” आजी शाळेत गेलेली नाही. पण आम्हाला डिझाइनच्या तासाला जे शिकवतात, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

परत आल्यावर सरांच्या परवानगीने लाकडी मूठ काढली. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासताना मी कानसेला किती शिव्या दिल्या होत्या! तीच कानस आता कामाला आली. बोटाखालचा फुगवटा थोडा थोडा घासला. अंगठ्याच्या बाजूला पोकळी होती, तिथे लाकडाची लांबी भरली. ट्रिगर दोन-तीन मिलिमीटर मागे घेतला. मग डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, डोळे उघडायचे, पुढची-मागची माशी आपोआप सरळ दिसते का ते बघायचं. दिसली नाही की पुन्हा कानस. तीन आठवडे हेच चाललं. छर्रा न घालता रोज शंभरदा ट्रिगर दाबायचा, तो वेगळाच. रूममेट त्या टकटकीला वैतागली होती. तिचे जाहीर आभार!

मी काही मेडल आणलेलं नाही. पण आता छर्रे मध्याभोवती पडतात, आणि चुकला तर तो माझ्यामुळे चुकतो, हाताच्या मापामुळे नाही. एक टार्गेटचा कागद मी आईला पाठवला. तिने तो देवघराशेजारी भिंतीवर लावलाय.

लोणच्यासाठी मात्र अजूनही मलाच हाक मारा.