चार सेकंदांची गोष्ट

आमच्या थोरल्या काकांजवळ एक नॉर्टन मोटारसायकल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें जीं जुनीं वाहनें लिलांवांत काढलीं, त्यांपैकीं ती एक. गल्लींतील लोक तिला फटफटी म्हणत. परंतु काकांच्या देखत तो शब्द उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. काका रेल्वेच्या कारखान्यांत फिटर होते. त्यांचें इंग्रजी कारखान्यापुरतेंच. तरी रद्दीवाल्याकडून आणलेलीं मोटारसायकलींचीं जुनीं विलायती मासिकें ते रात्रीं दिव्याजवळ बसून अक्षर न् अक्षर वाचीत. दर रविवारीं सकाळीं गाडी पुसावयाची, आणि पुसतां पुसतां मासिकांतील एखादी शर्यत आम्हांस सांगावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. त्यामुळें भूगोलाच्या तासाला गुरुजींनीं विचारलेलें दुसरें कांहीं आम्हांस येवो न येवो, आयल ऑफ मॅन हें बेट इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रांत कोठें आहे, तें आम्ही डोळे मिटून दाखवीत असूं.

या बेटावर १९०७ सालापासून, कांहीं वर्षांचे खंड सोडल्यास, मोटारसायकलींची प्रसिद्ध टूरिस्ट ट्रॉफी शर्यत होत आली आहे. तिच्यासाठीं निराळें मैदान नाहीं. नित्याच्या रहदारीचेच रस्ते तेवढ्यापुरते बंद करितात. वाट गांवांतून, दगडी कुंपणांच्या मधून निघते व स्नेफेल नांवाच्या डोंगरावर चढून खालीं येते. एक फेरा सुमारें पावणेअडतीस मैलांचा. १९३५ च्या सुमारास पांचशें सी.सी.च्या मोठ्या गाड्यांस असे सात फेरे, म्हणजे सुमारें २६४ मैल, धांवावे लागत. सर्व स्वार एकदम सुटत नाहींत. ठराविक अंतरानें एकामागून एक सुटतात. अर्थात् जो आधीं पोंचला तोच जिंकला असें तेथें म्हणतां येत नाहीं. घड्याळ काय सांगतें तें पाहावें लागतें. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व गोष्ट यावरच उभी आहे.

आम्ही नववींत असतांना शाळेच्या क्रीडामहोत्सवांत एक मैलाच्या शर्यतींत धांवलों. मैदानाचे चार फेरे होते. तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटीं आमच्या मागें असलेल्या मुलानें कुशीवर हात दाबून मान खालीं घातली. आम्हीं मागें वळून तें पाहिलें, पाऊल सैल सोडलें, आणि (सांगावयास लाज वाटते) कडेच्या मित्रांकडे पाहून हातही हालविला. अखेरच्या वळणावर तो मुलगा वाऱ्यासारखा आमच्या बाजूनें निघून गेला. आम्ही हातभर अंतरानें हरलों. ड्रिलमास्तरांकडे जाऊन आम्हीं तक्रार केली कीं त्यानें सोंग करून आम्हांस फसविलें. मास्तर म्हणाले, “कुशींत कळ येणें हा गुन्हा नव्हे, आणि ती थांबणें हाही नव्हे.” शर्यत संपल्यावर हस्तांदोलन करण्याचा शाळेचा शिरस्ता होता. तो मुलगा हात पुढें करून उभा असतां आम्ही पाठ फिरवून घरीं आलों.

घरीं काकांनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाले, “बाळ, तुझें गथ्रीसारखें झालें. त्यालाही असेंच फसविलें.” आणि त्यांनीं १९३५ ची हकीकत सांगितली.

जिमी गथ्री हा स्कॉटलंडचा. त्याची गाडी नॉर्टन. त्या काळीं या शर्यतींत नॉर्टनचा दबदबा असा कीं इतरांनीं दुसऱ्या क्रमांकासाठींच यावें. त्याच्या विरुद्ध डब्लिनचा स्टॅन्ले वुड्स. हा पूर्वीं नॉर्टनचाच स्वार. १९३२ व १९३३ या दोन्ही वर्षीं त्यानें नॉर्टनवर बसून मोठी शर्यत जिंकली होती. पण १९३५ त तो मोटो गुझी या इटालियन कंपनीची गाडी घेऊन आला. त्याच आठवड्यांत अडीचशें सी.सी.ची शर्यत त्यानें त्याच कंपनीच्या गाडीवर जिंकलीही होती. धुक्यामुळें मोठी शर्यत एक दिवस पुढें ढकलावी लागली. गथ्रीचा क्रमांक पहिला, वुड्सचा तिसावा. म्हणजे दोघांच्या सुटण्यांत जवळजवळ पाव तासाचें अंतर. सहा फेरे संपतांना वुड्स घड्याळाप्रमाणें २६ सेकंदांनीं मागें होता. इकडे गुझीच्या माणसांनीं तो पुन्हां पेट्रोल भरावयास थांबणार अशी सर्व तयारी मांडून ठेविली. ती पाहून नॉर्टनच्या लोकांनीं गथ्रीस वाटेंतच खूण पोंचविली कीं, आतां जपून ये. आणि वुड्स थांबलाच नाहीं! टाकीवर आडवा होऊन तो तसाच पुढें गेला. गथ्री आधीं पोंचला; लोक त्याचें अभिनंदन करूं लागले. मग वुड्स आला, घड्याळें ताडून पाहिलीं, आणि तो चार सेकंदांनीं जिंकल्याचें जाहीर झालें.

“पेट्रोल भरणार असें दाखविलें आणि भरलें नाहीं,” काका म्हणाले, “याला शर्यत म्हणत नाहींत.” आमचें सांत्वन झालें. त्या रात्रीं आम्हांस शांत झोंप लागली.

पुढें महाविद्यालयांत गेल्यावर ग्रंथालयांत इटालियनांची बाजू आमच्या वाचनांत आली. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या विमानदळांत तिघे मित्र झाले: कार्लो गुझी हा यंत्रज्ञ, ज्योर्ज्यो पारोदी व ज्योवान्नी रावेल्ली हे वैमानिक. युद्ध संपल्यावर एकानें गाड्या कराव्या, एकानें भांडवल आणावें व रावेल्लीनें त्या शर्यतींत चालवाव्या असा त्यांचा बेत होता. परंतु १९१९ त रावेल्ली विमान-अपघातांत वारला. उरलेल्या दोघांनीं १९२१ सालीं कोमो सरोवराच्या कांठीं मान्देल्लो गांवीं कारखाना काढला, आणि गेलेल्या मित्राची आठवण म्हणून पंख पसरलेला गरुड हें आपलें चिन्ह केलें. १९२६ त त्यांचा स्वार पिएत्रो गेर्सी आयल ऑफ मॅनला गेला व अडीचशें सी.सी.च्या शर्यतींत दुसरा आला. पण प्रवेशपत्रिकेंत लिहिलेल्या बनावटीचा प्लग न वापरतां दुसऱ्या बनावटीचा वापरला, या कारणावरून पंचांनीं त्याचा क्रमांक रद्द केला. नियम तो नियम हें आम्हांस मान्य आहे. परंतु प्लगवरचें नांव बदलल्यानें गाडीस पंख फुटत नाहींत, हेंही खरें. काकांच्या मासिकांत ही हकीकत आलीच नसेल, कीं आली असून काकांनीं ती आम्हांस सांगितली नाहीं, याचा उलगडा आम्हीं केला नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. त्या काळच्या इंग्रजी शर्यतीच्या गाड्यांस मागील चाकाजवळ स्प्रिंगा नसत. सांगाडा ताठ असला म्हणजेच गाडी रस्ता धरून चालते, अशी तेथील जाणत्यांची पक्की समजूत. कार्लोचा भाऊ ज्युझेप्पे यानें मागील चाकासही स्प्रिंगा बसविल्या, व १९२८ त तशी गाडी घेऊन तो थेट नॉर्वेच्या उत्तर टोंकाकडे जाऊन आला. वुड्सच्या १९३५ च्या गाडीला अशाच स्प्रिंगा होत्या. खडबडीत रस्त्यावर नॉर्टनचें मागील चाक उसळे, तेव्हां तें हवेंत व्यर्थ फिरे. गुझीचें जमिनीस चिकटून राही. जें चाक जमिनीवर आहे तेंच गाडी पुढें लोटणार! स्प्रिंगा असलेल्या गाडीनें ही मोठी शर्यत प्रथमच जिंकली, आणि पुढच्याच वर्षीं, १९३६ त, नॉर्टननेंही मागें स्प्रिंगा लावल्या. त्या गाडीवर गथ्री जिंकला. दुर्दैवानें १९३७ त जर्मनीतील शर्यतींत या गुणी स्वाराचा अंत झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही चुरस अधिकच रंगली. नॉर्टनचें एंजिन एकाच सिलिंडरचें. जिलेरा या इटालियन कंपनीचें चार सिलिंडरांचें. चार लहान दट्टे एका मोठ्या दट्ट्यापेक्षां पुष्कळ वेगानें वरखालीं होऊं शकतात, त्यामुळें सरळ रस्त्यावर जिलेरा पुढें निघे. नॉर्टनचा सांगाडा उत्तम, म्हणून ती वळणावर तिला गांठी. १९५० त जगज्जेतेपद जिलेराच्या मासेत्तीस २८ गुण मिळून गेलें. नॉर्टनच्या जेफ ड्यूकचे २७ भरले. १९५१ त ड्यूक जिंकला. आणि १९५३ त हाच ड्यूक जिलेराकडे गेला व लागोपाठ तीन वर्षें जगज्जेता झाला! काकांनीं त्याचें मासिकांतील चित्र भिंतीवरून काढून टाकलें होतें. तेथील चौकोनी डाग आम्हीं पाहिला आहे. १९५७ त या बेटावर ताशीं शंभर मैलांचा फेरा प्रथम झाला, तोही जिलेरावरच. स्वार मात्र बॉब मॅकिंटायर, गथ्रीसारखाच स्कॉटलंडचा. त्याच वर्षाच्या शेवटीं खर्च पेलेनासा होऊन गुझी व जिलेरा या दोघांनींही शर्यतींतून अंग काढून घेतलें. आज हीं दोन्ही नांवें पियाजिओ कंपनीच्या पदरीं आहेत. त्याच कंपनीच्या बारामतीच्या कारखान्यांतील तीनचाकी रिक्षा आपल्या दारावरून जातात. नॉर्टन तर २०२० सालीं तामिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीनें विकत घेतली. हें ऐकावयास काका असावयास हवे होते.

ते असतांना एकदां सुटींत आम्ही त्यांच्याकडे गेलों होतों. गाडी अंगणांत होती. आतां ती चालत नसे, पण पुसली जाई. आम्हीं कागद काढून त्यांस हिशेब दाखविला. वुड्सचा अखेरचा फेरा २६ मिनिटें १० सेकंदांचा, वेग ताशीं ८६.५३ मैल, त्या शर्यतींतील सर्वांत जलद फेरा तोच. २६ सेकंदांची तूट भरून वर चार सेकंद, म्हणजे त्या एका फेऱ्यांत त्यानें गथ्रीवर तीस सेकंद मिळविले. त्यावरून गथ्रीचा अखेरचा फेरा ताशीं सुमारें ८५ मैलांचा भरतो. साऱ्या शर्यतींतील त्याची सरासरीही याहून अधिक नाहीं. तेव्हां गथ्री कांहीं रमतगमत आला नव्हता. “काका, सोंग असेल, पण त्या सोंगानें वुड्सची गाडी पळाली नाहीं. ती त्यालाच पळवावी लागली.”

काकांनीं चष्मा लावून आंकडे दोनदां तपासले. कागदाची घडी करून खिशांत ठेविली. बराच वेळ ते टाकीवरून फडकें फिरवीत राहिले. मग आमच्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें, “मग शाळेंतल्या त्या पोराला तूं पत्र लिहिलेंस का?”

आम्हीं लिहिलें नव्हतें. वडिलांची बदली होऊन तो दहावीच्या आधींच गांव सोडून गेला होता, आणि त्याचा पत्ता विचारून घेण्याचें आम्हांस तेव्हां सुचलें नव्हतें.