दोष झाकणाचा नव्हता

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे, न्यू जर्सीतील एडिसन येथे, तीन महिने राहिलो. एके सकाळी सूनबाईंच्या दहा वर्षे जुन्या गाडीत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला. गाडी उत्तम चालत होती. पण त्या राज्यात हा दिवा पेटलेला असला की तपासणीत गाडी नापास होते, आणि तपासणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

मुलाने स्टिअरिंगखाली छोटा स्कॅनर जोडला. पडद्यावर पी ०४५५ हा संकेतांक उमटला. पेट्रोलच्या वाफा रोखणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती, असा त्याचा अर्थ.

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असते. या वाफांमुळे उन्हात ओझोन व धुरके तयार होते. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ पासून नव्या गाड्यांत त्या अडविण्याची सोय सक्तीची झाली. टाकीतील वाफ कोळशाच्या डब्यात साठते. इंजिन तापले की ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची लहानशी झडप उघडते आणि ती वाफ इंजिनात जळते. वाया जाणारा माल असा पुन्हा जमेस धरला जातो! ही सारी यंत्रणा हवाबंद आहे की नाही, हे गाडीचा संगणक अधूनमधून तपासतो.

या संकेतांकाचे सर्वांत साधे कारण म्हणजे पेट्रोलच्या टाकीचे सैल झाकण. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई आहे; ते काम पंपावरील माणूस करतो. दोनच दिवसांपूर्वी टाकी भरली होती. माझा निर्णय तत्काळ झाला. मी मुलाला आग्रहाने पंपावर नेले आणि मालकाकडे तक्रार केली. मालकाने आमच्यादेखत त्या पोरसवदा नोकराला झापले. “मी झाकण नेहमी टकटक आवाज येईपर्यंत फिरवतो,” एवढेच तो खाली मान घालून म्हणाला.

नवे झाकण आणले, संकेतांक पुसला. आठवड्याने दिवा पुन्हा लागला.

“पुन्हा पुसून टाक आणि गाडी तपासणीला ने,” मी म्हणालो.

मुलगा हसला. “बाबा, पुसले की संगणकाच्या चाचण्याही कोऱ्या होतात. अपुऱ्या चाचण्या तिथे दिसतात.” जुळत नसलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळत नाही, हे मी त्याला सांगायचे, तर तो मला सांगत होता!

मग मी बँकेतला प्रश्न विचारला : फरक पहिल्यांदा केव्हा दिसला? सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दिवा आता लागला, पण गेले दोन महिने पेट्रोल भरले की गाडी लगेच सुरू होत नाही. दोन-तीनदा किल्ली फिरवावी लागते. एरवी काही त्रास नाही.”

मुलाला हा धागा पुरला. त्याने पर्ज व्हॉल्व्ह काढून हातात घेतला. वीज नसताना ही झडप घट्ट मिटलेली असायला हवी. त्याने नळी जोडून फुंकर मारली. हवा सरळ पलीकडे गेली. झडप उघडीच अडकली होती. त्यामुळे टाकी भरताच वाफ अवेळी इंजिनात शिरे, आणि यंत्रणा हवाबंद होत नसल्याने संगणकाला ती गळती भासे. नवी झडप बसली. टाकी अर्धी ठेवून, गाडी रात्रभर थंड करून चार-पाच दिवस चालविल्यावर चाचण्या पूर्ण झाल्या. गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली.

घरात आनंद झाला. मला मात्र १९८९ मधील एक शनिवार आठवत राहिला. आमच्या शाखेत रोकड नऊशे रुपयांनी कमी भरली. मी नवा अधिकारी, घरी जाण्याची घाई. कॅशिअरकडे संशयाने पाहिले आणि रक्कम त्याच्याकडून भरून घेतली. नवाने भाग जाणारा फरक दिसला की आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी, हे व्यापाऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. आठ दिवसांनी ४,५०० ची पावती ५,४०० लिहिलेली सापडली. चूक त्याची नव्हती. पैसे परत दिले. पण त्या दिवशीच्या माझ्या नजरेबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे त्याची बदली झाली आणि ते राहूनच गेले.

भारतात परतण्याच्या आदल्या दिवशी मी मुलाला पुन्हा पंपावर न्यायला सांगितले. मालकाला सर्व हकीकत सांगितली आणि त्याच्यादेखत त्या मुलाला म्हणालो, “चूक तुझी नव्हती. मी न तपासता बोललो.” तो क्षणभर गोंधळला, मग हसला. टाकी भरून त्याने झाकण फिरविले आणि आवाज मला ऐकू येईल इतके फिरवत राहिला.