शेंदूर नेमका कुणाचा?

काँग्रेसच्या भरभराटीच्या काळाबद्दल म्हटलं जातं, की दगडाला शेंदूर फासून उभा केला असता तरी निवडून आला असता. वाशीमचा दाखला तर म्हणीला अगदी चपखल. 1980 साली इथून लोकसभेवर गेले गुलाम नबी आझाद. मूळचे जम्मूतल्या डोडा भागातले, वऱ्हाडाशी ना नातं ना गोतं. 1977 मध्ये ते घरच्याच विधानसभा मतदारसंघात पडले होते. वाशीमने मात्र 1984 लाही त्यांनाच दिल्लीला धाडलं. शेंदूर इंदिराबाईंचा, दुसरं काय!

पण 1977 चं काय करायचं? त्या वर्षी खुद्द इंदिराबाई रायबरेलीत हरल्या आणि वाशीमने काँग्रेसचेच वसंतराव नाईक निवडून दिले. गहुलीच्या तांड्यातला माणूस, 1963 ते 1975 मुख्यमंत्री; हातात पाईप आणि तोंडी संकरित ज्वारी. म्हणजे पुढे आझादांना मिळालेल्या मतांत नाईकांचाही हात होताच की.

म्हण दगडाला काडीची किंमत देत नाही, हेच खटकतं. शेंदूर तेलात कालवून थरावर थर चढत जातो. गावच्या मारुतीचं नाक बुजतं, कान बुजतात, मग वरून चांदीचे डोळे बसवावे लागतात. वणीच्या सप्तशृंगीवरचा असाच जाड लेप 2022 मध्ये उतरवला, तर आतून कातळात कोरलेली रेखीव मूर्ती निघाली! इतकी वर्षं नमस्कार लेपाला पोचत होता की मूर्तीला, हे पुजाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

लेप की मूर्ती, हा प्रश्न वाशीमच्या अलीकडच्या निवडणुकीतही सुटत नाही. 5 ऑक्टोबर 2024 ला इथल्या पोहरादेवीत पंतप्रधान मोदींनी नगारा वाजवला, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं. पोहरादेवी मानोरा तालुक्यात, मानोरा कारंजा मतदारसंघात. नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत तिथे भाजप जिंकला. नगाऱ्याची किमया म्हणावी, तर ती जागा आधीही भाजपचीच होती. शिवाय निवडणुकीआधी ‘लाडकी बहीण’ योजनेचे हप्ते बायकांच्या खात्यात पडले होते, ते वेगळेच.

शेजारच्या रिसोडात काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. हरलेल्यांत शिवसेनेच्या भावना गवळी होत्या: 1999 पासून सलग 5 वेळा खासदार. चिन्ह तेच धनुष्यबाण, पक्षाचं नाव तेच. मग आधीच्या पाच विजयांत बाळासाहेब ठाकऱ्यांचं किती, धनुष्यबाणाचं किती आणि भावनाताईंचं स्वतःचं किती?