डोंगराखालचे फोन

आमच्या खोऱ्यात फोन टाकून देत नाहीत. चाकणच्या कंपनीत लागलेला मुलगा नवा घेतो, त्याचा जुना मंचरला कॉलेजात शिकणाऱ्या बहिणीकडे जातो, तिच्याकडून आईकडे, आणि काच तडकली, चार्जरची पिन हाताने धरून ठेवावी लागायला लागली की तो वाडीतल्या आजोबांच्या खिशात येतो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझी शाळा आहे. जितकं डोंगराकडे जावं तितके फोन जुने.

हे मला खरं टोचलं ते २० जुलै २०२३ ला. आदल्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि सकाळपासून शाळेत दुसरा विषय नव्हता. माळीण आमच्याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे दरडीखाली १५१ माणसं गाडली गेली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते नेहमीच्या फेरीला तिथवर गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, पण पावसाची झड लागली की आजही या भागातली माणसं रात्रीतून उठून डोंगराकडे बघतात.

इर्शाळवाडीच्या बातमीच्या त्या सकाळी माझा फोन अचानक कर्कश वाजायला लागला. सायलेंटवर असूनही वाजला. आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी होती, घाबरू नका असं पडद्यावर लिहिलं होतं. दुसऱ्या गुरुजींचाही वाजला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी धावत आल्या, त्यांनी आपला फोन काढून उलटसुलट करून पाहिला. तो गप्प.

‘‘गुरुजी, माझा का नाही वाजला? डोंगराखाली मी राहते, तुम्ही तर घोडेगावात.’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ते शोधायला लागलो. या इशाऱ्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला वेगळा जातो आणि गर्दी झाली की रखडतो. सेल ब्रॉडकास्टला नंबर लागतच नाही. टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना तो एकदम मिळतो. संकटात यापेक्षा चांगली सोय नाही, असं माझं मत आहे. पण तो संदेश ऐकण्याची तयारी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. अँड्रॉइड ११ पासून हा भाग मुख्य प्रणालीला हात न लावता वेगळा अद्ययावत करता येतो. त्याआधीच्या फोनला कंपनी अपडेट देईल तेव्हा, आणि जुन्या मॉडेलची अपडेट तर केव्हाच बंद झालेली असतात. पुढे शनिवारी शाळा सुटली की मी वाड्यांवर फिरून फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायरलेस आपत्कालीन सूचना’ शोधू लागलो. काही फोनमध्ये ती बंद होती, चालू केली. पुष्कळ फोनमध्ये ती ओळच नव्हती. एका आजोबांच्या बटणांच्या फोनवर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन उमटायचे.

नव्या फोनमध्ये ही सोय असलीच पाहिजे असा नियम २०२३ मध्येच झाला, ते चांगलंच झालं. पण आज दुकानात असलेला फोन मावशींच्या हाती पडायला किती पावसाळे जातील?

जुनं यंत्र नव्या कामाला येत नाही असंही नाही. आमच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात खोडदला तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाला मुलांना घेऊन गेलो तेव्हा तिथे समजलं, की पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या गेल्या शतकातल्याच आहेत, त्यांवरचे रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स तेवढं बदललं. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायची ती दुर्बीण आता ४०० चा टिपते. कुणीतरी ठरवलं, पैसा घातला, म्हणून ते झालं. आजोबांच्या फोनसाठी तसं कुणी ठरवत नाही.

मग आमच्या हाताशी काय आहे? जुन्नर-आंबेगावात बिबट्या दिसला की लोक ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगतात आणि नोंदणी केलेल्या गावकऱ्यांचे फोन वाजून तोच आवाज त्यांना ऐकू येतो. याला ना अ‍ॅप लागतं, ना वाचता यावं लागतं. बटणांचा फोनही पुरतो. दरडीच्या इशाऱ्यालाही हाच रस्ता हवा, असं मी ग्रामसभेत मांडलं. कुणी म्हणालं, पावसात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली तर? त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हा बॅटरीवर चालणारा भोंगा शाळेच्या छपरावर बसवावा, हेही त्याच ठरावात घातलं.

सध्या सातवीची मुलं नोंदणीसाठी वाडीवाडीने नंबर गोळा करताहेत. फोन कुठला, कितवा, हे ती विचारत नाहीत. रात्री तो उशाशी असतो की चार्जिंगला दुसऱ्या घरी, एवढं मात्र लिहून आणतात, कारण बऱ्याच घरांत तो दुसऱ्या घरीच असतो आणि तिथून हाक मारायला कोण येणार हे आधी ठरवावं लागतं.