विक्री म्हणजे नेमकं काय?

मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला. २०१४मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून कामावर जायचा माझा हाच रस्ता. अंधेरी पूर्वेच्या कंपन्यांसाठी मी रिपोर्टिंगच्या सिस्टिम बांधते. चांगला रिपोर्ट कसा असावा, हे मला घाटकोपरच्या फलाटावरचा इंडिकेटर रोज दाखवतो. जलद गाडी दोन मिनिटांत, धिमी सात मिनिटांत. माणूस मान वर करून बघतो आणि त्याच क्षणी ठरवतो, पूल चढून पळायचं की इथेच थांबायचं. आकडा दिसला आणि पाय हलले. धंद्याच्या आकड्यालाही हेच जमावं, यासाठी आमची सगळी धडपड.

मी कामाला लागले तेव्हा महिन्याचा एमआयएस, म्हणजे धंद्याच्या आकड्यांचा अहवाल, पुढच्या महिन्याच्या सात-आठ तारखेला हाती पडायचा. शाखाशाखांतून एक्सेल शीट यायच्या, बॅक ऑफिसमधलं कुणीतरी रात्र जागून त्या जोडायचं. उशिराचं कारण आळस नव्हतं. बिल बनवताना सिस्टिम एक नोंद लिहिते, रिपोर्ट काढताना लाखो नोंदी वाचते. दोन्ही कामं एकाच यंत्रावर चालवली की काउंटरवरचं बिलिंग अडकतं. म्हणून दिवसाचा डेटा रात्री दुसरीकडे न्यायचा आणि सकाळी कालचं चित्र बघायचं.

हे चित्र गेल्या पंधरा वर्षांत पालटलं. वहीतली प्रत्येक ओळ आडवी वाचण्याऐवजी फक्त रकमेचा उभा रकाना वाचायचा, तोही डिस्कऐवजी थेट मेमरीतून, ही पद्धत ‘सॅप’ कंपनीच्या ‘हाना’ या डेटाबेसने २०११च्या सुमारास मोठ्या कंपन्यांत रुजवली. त्याच वर्षी ‘लिंक्डइन’मध्ये घडलेलं ‘काफ्का’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. त्यामुळे नोंद बदलली की तो बदल लगेच पुढे पाठवता येऊ लागला, रात्रीची वाट बघायची गरज उरली नाही. जून २०१६मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली आणि आधी सिंगापूरला जाणारा बराच डेटा इथेच राहू लागला. वेगाचा प्रश्न बहुतांशी सुटला.

मग अडतं कुठे? एका औषध वितरकाचं काम सांगते. ऑफिसच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लागला, आकडे मिनिटामिनिटाला हलू लागले आणि पहिल्याच सोमवारी वाद पेटला. सेल्सवाले ऑर्डर आली की विक्री धरत होते, अकाउंट्सवाले बिल फाटल्यावर, गोदामवाले गाडी सुटल्यावर. मुदत संपून परत आलेली औषधं तर कुणीच वजा करत नव्हतं. आपापल्या जागी प्रत्येकाचं बरोबर होतं. आम्ही कोड लिहिणं थांबवलं आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं. दोन आठवड्यांनी एक पान तयार झालं : बिल फाटलं आणि माल गोदामाबाहेर पडला तरच विक्री, परत आलेला माल त्याच दिवशी वजा, आणि या व्याख्येत बदल करायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे. त्या पानानंतर स्क्रीनवरून भांडण झालं नाही.

यापुढे या पानाचं मोल वाढतच जाणार आहे. आता स्क्रीनही मागे पडेल. मालक मोबाइलवर विचारेल, ‘बोरिवलीत या आठवड्यात विक्री का घसरली?’ आणि एआय दोन ओळींत उत्तर देईल. पण ‘विक्री’चा अर्थ कुणी लिहून ठेवलेला नसेल, तर यंत्र स्वतःच एखादा अर्थ धरेल आणि तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा सांगेल. व्याख्या एका जागी ठेवून सगळ्या रिपोर्टना तिथूनच आकडा घ्यायला लावणारा ‘सिमँटिक लेयर’ म्हणूनच माझ्या मते या क्षेत्राचं भविष्य आहे. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसने हा धडा आधीच दिला आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली, ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवरचे व्यापारीही त्यात आले. बिलाचा साचा सगळ्यांना एक झाला, म्हणूनच एकाच्या सिस्टिमचं बिल दुसऱ्याच्या सिस्टिमला वाचता येतं.

शिवाय प्रत्येक आकडा क्षणोक्षणी लागत नाही. क्लाउडचं बिल वापरावर येतं, म्हणजे आकडा जितका ताजा ठेवाल तितका खर्च वाढतो. लसींच्या फ्रिजचं तापमान मिनिटाला कळायला हवं. पगाराचा खर्च महिन्याला कळला तरी चालतो. ज्या आकड्यावर कुणी उठून काही करणार नाही, तो ताजा ठेवण्यात पैसे घालू नयेत.

आपल्या जुन्या पेढ्यांनी या कामाला फार नेमका शब्द दिला आहे : रोजमेळ. आम्ही तंत्रज्ञ इतकी वर्षं त्यातल्या ‘रोज’च्या मागे धावलो, ‘मेळ’ राहून गेला. यंदा लक्ष्मीपूजनाला वही पुजाल, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर आपल्या धंद्यात विक्री, नफा आणि शिल्लक कशाला म्हणायचं ते तीन ओळींत लिहा. डॅशबोर्ड त्यानंतर घ्या.