अंगठा ऐकू आला पाहिजे

नॅशव्हिलमधले दिवस फुकट गेले असं म्हटलं तर मित्र चिडतील, पण गेलेच. दारोदार कर्कश गिटारी, आणि गाण्यापेक्षा बिअरचीच उलाढाल जास्त. शेवटी व्हर्जिनियात, क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी हिल्टन्सच्या कार्टर फॅमिली फोल्ड या गाण्याच्या ठिकाणी शनिवारी पोहोचलो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दारू नाही, विजेवरची वाद्यं नाहीत. हा दुसरा नियम म्हणे फक्त जॉनी कॅशसाठी वाकवत. कार्टरांचा जावई तो; जावयाचे लाड तिथेही चुकलेले नाहीत.

कार्यक्रमाला अवकाश होता. बाहेर हिरवळीवर एक आजोबा बँजो घेऊन बसले होते. समोर बारा-तेरा वर्षांची नात, अंगापेक्षा गिटार मोठी. बँजो म्हटलं की मला विसर्जनाच्या मिरवणुकीतला कलकलाट आठवतो, म्हणून जरा लांबच उभा राहिलो. पण आजोबांच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत चढवलेल्या नख्या तारांवर इतक्या स्वच्छ पडत होत्या, की पाय आपोआप पुढे सरकले.

दर दोन-चार ओळींनी ते थांबत, नातीचा अंगठा धरत आणि खर्जाच्या तारेवर टेकवत. "अंगठा ऐकू आला पाहिजे. बाकीचं मागून." ही कार्टर कुटुंबातल्या गिटारवाल्या मेबेल कार्टरची रीत: चाल अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर, ठेका तर्जनीनं वरच्या तारांवर. 1927 मध्ये ब्रिस्टलला या कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि पोटुशी.

"तुम्हाला वडिलांनी शिकवलं?" मी विचारलं.

"छे! ते वाजवायचे झकास, शिकवताना नुसते ओरडायचे. मी शिकलो शेजाऱ्याकडे."

हे मला फार आवडलं. सूर रक्तातून येतो वगैरे भाषणांचा मला कंटाळा आहे. खुद्द कार्टरांचंच बघा. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरदऱ्या हिंडायचा, सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाली डोक्यात ठेवायचा. नाव झालं कार्टरांचं. पुढे ए. पी.ची मुलगी जॅनेट हिनं बापाला दिलेल्या शब्दाखातर 1974 मध्ये त्याच्याच जुन्या दुकानात हे कार्यक्रम सुरू केले. बाई मोठीच, पण त्या दुकानाच्या गल्ल्यात थोडी कमाई रिडलचीही आहे, असं माझं ठाम मत.

इकडे नातीचा धीर संपला. "आजोबा, मी माझ्या पद्धतीनं वाजवू?"

"स्वतःचं घर घेशील तेव्हा," आजोबा नख्या चढवत म्हणाले. "चल, पुन्हा पहिल्यापासून."